कोठ्यातली येझदी पुन्हा रस्त्यावर आणताना

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरी बाबांची येझदी 250 मोटारसायकल अकरा वर्षं कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, उभी होती. 1983 साली सरकारच्या एकाधिकार खरेदीत दिलेल्या कापसाचा चुकारा (पैसे) हाती आला, तेव्हा त्यांनी ती घेतली. पुढं गुडघे दुखायला लागले आणि गाडी भिंतीला टेकली ती टेकलीच. तिच्या अंगावर तुराट्या, फवारणीचा जुना पंप आणि कुटाराची (भुशाची) पोती रचली गेली. मी तिला बाहेर काढलं त्याच दिवशी टाकीत दोन लिटर पेट्रोल ओतलं आणि किक मारत बसलो. विसाव्या किकेला आतून ‘कर्र’ असा आवाज आला. पिस्टनभोवतीची गंजलेली रिंग पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकात, अडकून तुटली होती आणि पिस्टनवर उभे ओरखडे पडले होते. ब्लॉक (सिलिंडर) 0.50 मिमीनं बोअर करून, म्हणजे आतून मोठा करून, नवा पिस्टन टाकावा लागला. गावच्या मिस्त्रीबुवांनी तुटलेल्या रिंगचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, “अकरा सालं निजलं होतं जनावर. उठल्या उठल्या औताले जुपतं का कोनी?”

त्यानंतर आणखी तीन गाड्या कोठ्यांतून काढल्या. दोन येझदी होत्या आणि एक राजदूत. एकाही गाडीचा पिस्टन बदलावा लागला नाही, कारण किक सगळ्यात शेवटी मारली. ज्याच्या घरी आजोबांची किंवा वडिलांची गाडी अशी पडून आहे आणि ज्यानं आजवर इंजिन उघडलेलं नाही, त्याच्यासाठी हे लिहितो आहे. उदाहरणं येझदीची आहेत, पण पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारी धातूची तोंडं) आणि कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) असलेल्या कोणत्याही जुन्या टू-स्ट्रोकला, म्हणजे पेट्रोलात तेल मिसळून चालणाऱ्या गाडीला, यातलं बरंचसं लागू पडतं.

बाहेर काढताना

भर उन्हात, दिवसा काढा. आधी काठीनं सीटखाली, मडगार्डखाली, साइड बॉक्समध्ये टोचून बघा. आमच्याकडे कोठ्यात पडलेल्या वस्तूखाली विंचू आणि साप दोन्ही निघतात. बाबांच्या गाडीच्या एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी कुटार आणि कापसाचा बिछाना केला होता, आणि एका सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घरटं लिंपलं होतं. अशा अवस्थेत किक मारली की फिल्टरमधला कचरा सरळ कार्बोरेटरमध्ये ओढला जातो.

टायर बसले असतील तर हवा भरून बघा, टिकली नाही तरी ढकलण्यापुरती पुरते. चाक फिरत नसेल तर ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटलेले असतात. ब्रेकचा दांडा सैल करून ड्रमवर लाकडी ठोकळ्यानं हलकं ठोका. ओढत नेऊ नका.

धुण्याआधी सगळ्या बाजूंनी मोबाइलवर फोटो काढा. कुठली वायर कुठं जाते, कुठली केबल हँडलच्या कोणत्या अंगानं वळते, हे महिन्याभरानं आठवत नाही. मग ब्रश आणि थोडं डिझेल घेऊन चिकट मळ सोडवा. वॉशिंग सेंटरवर जोराच्या फवाऱ्याखाली गाडी नेऊ नका. ते पाणी कार्बोरेटरमध्ये, डायनामोत आणि चाकाच्या बेअरिंगमध्ये शिरतं.

रंगाला हात लावायची घाई नको. इंजिनावर आणि चेसिसवर ठोकलेले नंबर तर घासूच नका. आरटीओत तेच तपासतात.

कागद

पाना हातात घेण्याआधी आरसी बुक शोधा. त्यावरचे इंजिन आणि चेसिस नंबर गाडीशी जुळवून बघा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर फॉर्म 25 भरून, गाडी दाखवून, पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. मालक हयात नसतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31 आहे. बाबांच्या गाडीला एमएच-29 ही यवतमाळची मालिका येण्याआधीचा तीन अक्षरी नंबर होता. तो यवतमाळच्या नोंदीत ऑनलाइन चढलेला आहे की नाही, यातच आमचे आठ दिवस गेले. म्हणून हे काम इंजिनाच्या आधी सुरू करा, दोन्ही बरोबरीनं चालू राहतात. विमा, पीयूसी आणि नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट हेही लागतं.

‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते असं बरेच जण सांगतात. 2021 च्या नियमांप्रमाणे ती 50 वर्षांहून जुन्या गाड्यांना मिळते, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ज्याला गाडीवर बाजाराला जायचं आहे, त्यानं साधी नोंदणीच वाढवून घ्यावी.

इंजिन सोडवणं

इथं जेवढा वेळ द्याल तेवढा कमी आहे.

प्लग काढा. प्लगच्या भोकाभोवतीची माती आधी फुंकून घ्या, नाहीतर ती आत पडते. आता दोन्ही सायलेन्सरचे नट सैल करून पाइप उतरवा. येझदी 250 ला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. पाइप उतरला की ब्लॉकचं एक्झॉस्ट पोर्ट उघडं पडतं आणि टॉर्च मारून पिस्टनची कड दिसते. टू-स्ट्रोकची ही फार मोठी सोय आहे, कारण हेड (सिलिंडरवरचं झाकण) न काढता अर्धं निदान होतं. पिस्टन राखाडी-काळा आणि तेलकट दिसला तर बरं. नारिंगी भुकटी दिसली तर पावसाळ्याचा ओलावा आत गेलेला आहे. मोबाइलला जोडायचा छोटा एंडोस्कोप कॅमेरा हल्ली स्वस्तात मिळतो. तो प्लगच्या भोकातून घातला की सिलिंडरची भिंतही बघता येते.

आता अर्धं डिझेल आणि अर्धं टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलात मिसळायचं तेल) असं 50-60 मिली मिश्रण करा. एक्झॉस्ट पोर्टमध्ये चिंधी कोंबा आणि प्लगच्या भोकातून हे मिश्रण सावकाश आत सोडा. पिस्टन खाली असेल तर थोडं वाहून जाईल, हरकत नाही, संध्याकाळी परत सोडा. निदान तीन दिवस असंच राहू द्या. आमच्याकडचं एप्रिल-मे मधलं ऊन इथं कामाला येतं. दुपारी गाडी उन्हात ठेवली की ब्लॉक चांगला तापतो, रात्री थंड होतो, आणि या फुगण्या-आकसण्यात तेल रिंगच्या खाचेत झिरपतं.

चौथ्या दिवशी गाडी स्टँडवर घ्या, टॉपच्या गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक दोन्ही हातांनी धरून थोडं पुढं, थोडं मागं असं हलवा. किकनं हे करू नका. किकला ताकद एकाच दिशेनं लागते आणि ती झटक्यानं लागते. चाकावर मात्र हाताला कळतं. आधी काहीच हलत नाही, मग चेनच्या ढिलाईपेक्षा केसभर जास्त हलतं, मग अर्धा इंच. माझ्या दुसऱ्या गाडीला सहा दिवस लागले होते. अर्धा इंच आलं की थांबा, पुन्हा तेल सोडा, दुसऱ्या दिवशी पुन्हा हलवा. पिस्टन पूर्ण वर-खाली व्हायला लागला तरी मधे कुठं खरखर जाणवते का, ते बघा. जाणवली तर हेड आणि ब्लॉक उतरवून रिंगा बघणंच शहाणपणाचं. गॅस्केट आणि रिंगांना पैसे लागतात, पण बोअरिंग आणि पिस्टनला त्याहून कितीतरी जास्त लागतात.

आठवड्यानंतरही जागचं हललं नाही तर ब्लॉक उतरवायचं काम जाणत्या मिस्त्रीकडे द्या. पिस्टनच्या डोक्यावर हातोडा मारू देऊ नका, मग तो मिस्त्री कितीही नावाजलेला असो.

टाकी

टाकीचं झाकण उघडल्यावर जुन्या रंगाच्या डब्यासारखा आंबूस वास आला तर ते पेट्रोल मेलेलं आहे. ते काढून टाका, त्यात नवं पेट्रोल मिसळू नका. टाकी उतरवा, खालचा कॉक (पेट्रोलची तोटी) काढा आणि टॉर्चनं आत बघा.

गंज असेल तर ही पद्धत मला लागू पडली. मूठभर जुने नट-बोल्ट आत टाका आणि थोडं पाणी घालून टाकी पाच-दहा मिनिटं हलवा. सुटलेला गंज ओतून द्या. नट मोजून टाका आणि मोजून काढा. मग दर दहा लिटर गरम पाण्याला एक किलो या प्रमाणात लिंबूसत्व विरघळवा, कॉकचं भोक बंद करा, टाकी काठोकाठ भरून रात्रभर ठेवा. सकाळी पाणी हिरवट-पिवळं झालेलं असतं आणि आतला पत्रा राखाडी दिसतो. लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं खंगाळा, साध्या पाण्यानं धुवा आणि उन्हात उलटी टांगा. मे महिन्यात तासाभरात टाकी खणखणीत वाळते. वाळली की त्याच मिनिटाला 50 मिली टू-टी ऑइल आत फिरवा. उघडा पत्रा दमट हवेत अर्ध्या दिवसात पुन्हा नारिंगी होतो.

टाकीला भोक असेल तर वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते आणि ठिणगीनं ती बॉम्बसारखी फुटते. माणसं मेली आहेत अशी. बारीक भोकाला टाकीसाठीची इपॉक्सी पुट्टी चालते.

जुनी रबरी पेट्रोल नळी फेकून द्या. आता पंपावर मिळतं ते ई-20 पेट्रोल, म्हणजे त्यात 20 टक्के इथेनॉल. 1983 च्या रबराला हे माहीतच नव्हतं. नळी आतून भुगा होते, फुगते, आणि तो काळा भुगा कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकात) जाऊन बसतो. इथेनॉलवर चालणारी नळी मागून घ्या आणि टाकी व कार्बोरेटर यांच्यामध्ये छोटा पारदर्शक फिल्टर लावा. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने ठेवू नका.

कार्बोरेटर

उतरवा, परातीत ठेवा, परातीतच उघडा. स्प्रिंगा आणि बारीक स्क्रू उडतात. तळाच्या वाटीत वाळलेल्या पेट्रोलचा तपकिरी लाखेसारखा थर बसलेला असेल. कार्ब क्लीनरच्या फवाऱ्यात भिजवा. जेट उजेडासमोर धरून बघा. गोल उजेड दिसायला हवा, चंद्रकोर नको. तारेनं टोचू नका. जेटचं भोक केसभर मोठं झालं तरी गाडीचं खाणं बदलतं. नायलॉनच्या ब्रशचा एखादा केस चालतो. फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा छोटा डबा) कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय. फ्लोटच्या सुईचं टोक घासून कडं पडलं असेल तर बदला. हीच सुई गळाली की पेट्रोल रात्रभर क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद डब्यात, उतरतं.

ठिणगी

येझदीत उजव्या बाजूचं कव्हर उघडलं की डायनामो आणि त्याच्या टोकाला पॉइंट दिसतात. अकरा वर्षांत पॉइंटवर पांढरट थर चढतो आणि करंट जात नाही. बारीक पॉलिश पेपर दोन तोंडांमध्ये घालून दोनदा ओढा, मग पेट्रोलच्या चिंधीनं पुसा. पॉइंट पूर्ण उघडे असताना फटीत 0.40 मिमीचं फिलर गेज (फट मोजायची पत्री) किंचित घासून जायला हवं. पॉइंटला जोडलेला कंडेन्सर नवाच टाका. जुना बऱ्याचदा गाडी गरम झाल्यावर दगा देतो आणि मग तुम्ही निष्कारण कार्बोरेटर खोलत बसता. प्लग आणि प्लगची कॅपही नवीच घ्या.

बहुतेक जुन्या जावा-येझदी 6 व्होल्टच्या आहेत आणि त्यांच्या इग्निशनला बॅटरी लागते. मेलेल्या बॅटरीवर किका मारून माणूस थकतो. नवी 6 व्होल्टची बॅटरी लावा. 12 व्होल्टची बॅटरी जोडली की बल्ब आणि कॉइल दोन्ही जातात. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी मात्र डोळ्यांनी एकेक तपासा.

ठिणगी बघताना प्लग हेडला टेकवून ठेवा, पण प्लगच्या भोकापासून आणि पेट्रोलपासून लांब.

बाकीचं

गिअरबॉक्सचं तेल काढा. दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय, दोनदा बदला. क्लच प्लेटी एकमेकींना चिकटलेल्या असू शकतात. गाडी गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून ढकलून बघा. मागचं चाक तरीही अडकलं तर प्लेटी काढून सोडवाव्या लागतील. ब्रेकचे ड्रम उघडाल तेव्हा आतली धूळ तोंडानं फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या चिंधीनं पुसा. टायरच्या कडांना भेगा दिसल्या तर रबर वाळलेलं आहे, नक्षी कितीही शिल्लक असो. क्लच, ॲक्सिलरेटर आणि ब्रेक या तिन्ही केबली नव्या घाला.

नव्यानं हाताळणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवा की येझदीला किक आणि गिअर यांचा दांडा एकच आहे. तो इंजिनाकडे आत दाबून वर फिरवला की त्याची किक होते, खाली आणून सोडला की पुन्हा गिअर. मैसूरच्या कारखान्यातून 1996 पर्यंत निघालेल्या गाड्यांची ही ओळखच आहे. दांडा अर्धवट दाबून जोर दिला तर आतले दाते झिजतात.

पहिली किक

एक लिटर पेट्रोलला 40 मिली चांगलं टू-टी ऑइल घाला. मिश्रण बाटलीत करून मग टाकीत ओता. आधी प्लग काढून, स्विच बंद ठेवून दहा-बारा किका मारा, म्हणजे आत साठलेलं डिझेल-तेल बाहेर येईल. चिंधी समोर धरा. मग प्लग लावा, कॉक उघडा, अर्धा मिनिट थांबा, चोक द्या, स्विच द्या आणि किक मारा.

पहिली पंधरा-वीस मिनिटं निळसर-पांढरा धूर भरपूर निघतो. ते आत सोडलेलं तेल जळतंय. अंगणात माणसं जमतात, कोणी म्हणतं बंद कर, कोणी म्हणतं रेस दे. रेस देऊ नका. फटफट एका लयीत बसू द्या.

धूर पंधरा-वीस मिनिटांनंतरही कमी झाला नाही आणि गिअरबॉक्सचं तेल खाली जायला लागलं, तर क्रँकच्या डाव्या बाजूचं ऑइल सील कडक झालेलं आहे. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर गेला की क्रँककेसमध्ये ओढ तयार होते. सील फाटलं असेल तर ती ओढ शेजारच्या क्लचकडचं तेलच आत खेचते. उजवीकडचं, डायनामोकडचं सील गेलं तर तिथून तेल नाही, हवा येते. मग ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन आपोआप वर चढतं. मिश्रणातली हवा वाढते, तेल कमी पडतं, पिस्टन तापून पकडतो. असं झालं तर स्विच बंद करा, नाही ऐकलं तर चोक ओढा. सीलं बदलल्याशिवाय पुढं चालवू नका. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत सील हा भाग रबराचा असल्यानं वाळतोच. माझ्या चार गाड्यांपैकी तिघींची दोन्ही सीलं बदलावी लागली. ज्याला क्रँक उघडावाच लागणार आहे, त्यानं दोन्ही एकदमच टाकावीत.

सगळं ठीक असेल तर पहिल्या दिवशी पाच किलोमीटरच्या वर जाऊ नका. परत येऊन प्लग काढा. बिस्किटासारखा तपकिरी रंग हवा. पांढरा असेल तर गाडी पातळ खाते आहे, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय, आणि आमच्या 45 अंशांच्या उन्हात पातळ खाणारी टू-स्ट्रोक फार काळ टिकत नाही. ई-20 नं मिश्रण आणखी पातळ होतं, तेव्हा एक नंबर मोठा मेन जेट टाकावा लागू शकतो. काळा ओला असेल तर चोक अडकलाय किंवा हवेचा फिल्टर बुजलाय. पहिले 500 किलोमीटर पूर्ण ॲक्सिलरेटर देऊ नका, दर 100 किलोमीटरला गिअरबॉक्सचं तेल, चेन आणि चाकांचे नट बघा.

बाबांना मी दुसऱ्या आठवड्यात मागं बसवून दारव्ह्याच्या रस्त्यानं आणलं. घराच्या वळणावर त्यांनी मागून खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “कॉक बंद केला का रे?” मी केला नव्हता. गाडी बंद करून स्टँडवर लावली, तोवर ते वाकून टाकीखाली हात घालून कॉक चाचपडत होते. रोज रात्री तो बंद करा.